दोन बोटं माया

कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानात, कपडे घालून बघायच्या खोल्यांच्या मागे, खिडकी नसलेली एक खोली आहे. एक शिलाई मशीन, एक इस्त्री, आणि टाचण्या लावून टांगलेल्या पँटी. टेलरबाई या खोलीत सतरा वर्षं बसत आल्या आहेत. गिऱ्हाइकानं विकत घेतलेला कपडा त्याच्या अंगाला बसवून देणं हे त्यांचं काम. दुकानाची मालकी तीनदा बदलली, पाटी तीनदा बदलली, टेलरबाई तिथेच राहिल्या.

चौथ्या मालकानं वेळ बदलली. सकाळी गिऱ्हाईक नसतं, म्हणून बाईंनी यापुढे बारा ते सहा यायचं. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "सकाळ मोकळी मिळाली."

नवरा शाळेची व्हॅन चालवतो. तो म्हणाला, "अर्धी नोकरी गेली असं म्हण."

"तुम्ही तसं म्हणा. मी असं म्हणते."

त्या वेळी त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. मोकळ्या सकाळी काय करायचं हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. ते ठरलं भंगारवाल्याकडे. जुन्या मशीनसाठी एक चाक शोधायला त्या गेल्या होत्या. कोपऱ्यात हातानं ढकलायचं गवत कापायचं यंत्र पडलं होतं, गंजलेलं. इंजिन नाही, वायर नाही. दोन चाकं, त्यांच्यामध्ये पीळ दिलेल्या पाच पात्यांचा रूळ, आणि खाली एक सरळ पातं. चाक फिरलं की रूळ फिरतो, आणि वरचं पातं खालच्या पात्याला घासून जातं.

बाईंनी ते हातानं फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तर कात्री आहे."

"बाई, ते गवताचं आहे," भंगारवाला म्हणाला. "तुमच्या कामाचं नाही."

"माझ्या कामाचं काय आणि तुमच्या भंगारातलं काय, ते मला ठरवू द्या."

नवऱ्यानं गॅरेजमधून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणून दिली. ती पात्यांना लावून बाईंनी दोन सकाळी रूळ उलटा फिरवला. मग वर्तमानपत्राची पट्टी पात्यांमध्ये धरून चाक हलवलं. पट्टी न फाटता सरळ कापली गेली. कात्रीला धार लावल्यावर त्या चिंधीवर जी परीक्षा घेतात, तीच ही.

पहिलं अंगण मिळालं दुकानातूनच. जॅकेटची चेन बदलायला एक निवृत्त मास्तरीणबाई यायच्या. शहराच्या कडेला बंगल्यांची एक जुनी कॉलनी आहे, तिथे सात नंबरमध्ये त्या एकट्या राहतात. गवत कापायला माणूस मिळत नाही अशी त्यांची तक्रार होती. "माणूस मिळणार नाही," टेलरबाई म्हणाल्या, "बाई चालेल का?"

पहिल्या दिवशी बाईंनी छाप पाडायची म्हणून ते अंगण अगदी जमिनीलगत कापलं. गालिच्यासारखं दिसलं. आठ दिवसांनी त्याचा रंग पोत्यासारखा झाला. मास्तरीणबाईंनी त्यांना अंगणात उभं केलं आणि एकच शब्द उच्चारला, "नापास."

बाईंनी वाद घातला नाही. रोपवाटिकेत जाऊन विचारलं. तिथल्या माणसानं समजावलं की गवताचं जेवण पात्यात तयार होतं. पातं मुळापर्यंत कापलं की मूळ उपाशी राहतं, माती उघडी पडते, ऊन थेट आत जातं. उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त एका वेळी कधीच कापायचं नाही.

हे ऐकताना बाईंना नवीन असं काही वाटलं नाही. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतात. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. या जास्तीच्या कापडाला टेलर लोक माया म्हणतात. माया न ठेवता शिवलेला कपडा अंगावर छान बसतो, पण एकदाच. बाईंच्या लेखी कारागीर आणि नुसता कापणारा यांच्यातला फरक एवढाच होता, आणि मास्तरीणबाईंच्या अंगणात त्या नुसत्या कापणाऱ्या ठरल्या होत्या. पुढचे दोन महिने त्या अंगणाचं काही घेतलं नाही. यंत्राच्या मागचा स्क्रू फिरवून पातं वर घेतलं, गळ्यातल्या टेपनं गवत मोजलं, आणि उंची कायमची ठरवून टाकली. दोन बोटं. ओळी एकमेकींवर चार बोटं चढवायच्या, आणि दर वेळी दिशा बदलायची. मखमलीला लव असते तशी गवतालाही असते. एकाच बाजूनं रोज हात फिरवला तर ते झोपतं.

सहा महिन्यांत चार अंगणं झाली. मग कॉलनीच्या मधल्या मैदानाचं काम निघालं. पेट्रोलच्या यंत्रानं कापणारा ठेकेदार महिन्यातून एकदा येऊन मैदानाचं टक्कल करून जायचा. मधे त्यानं दोन महिने तोंडच दाखवलं नाही. मास्तरीणबाईंनी टेलरबाईंचं नाव सुचवलं. कमिटीनं तीन महिन्यांसाठी काम दिलं. जमलं तर वर्षाचं पत्र.

बाईंना ते वर्षाचं पत्र हवं होतं. चारही अंगणं एकत्र केली तरी मैदानाच्या अर्धी भरत नव्हती. मैदान असलं तर हा व्यवसाय, नसलं तर काय, हे त्यांच्या नणंदेनं आधीच सांगून ठेवलं होतं.

"वहिनी, चार अंगणं म्हणजे धंदा नव्हे, छंद."

"म्हणूनच मैदान घेतेय."

"सतरा वर्षं सावलीत बसून काम केलंत. आता लोकांच्या दारात गवत कापणार? ओळखीचं कोणी बघितलं तर?"

"बघितलं तर त्यांचंही अंगण विचारीन."

नणंदेनं भावाकडे पाहिलं. भाऊ चहा पीत होता. "माझ्याकडे काय बघतेस," तो म्हणाला, "मी तिचं यंत्र व्हॅनमध्ये चढवतो. तेवढाच माझा अधिकार."

दर शनिवारी सकाळी सहाला बाई मैदानात यायच्या. इंजिन नसल्यामुळे आवाज नाही. जवळून गेलं तर नुसता करकर असा कात्रीचा आवाज. दीड तासात काम संपायचं. दुसऱ्या महिन्यात मैदान हिरवं झालं, आणि तक्रारी सुरू झाल्या.

ठेकेदार कापून गेला की गवताचा ढीग पडायचा. बाईंच्या कापण्यात ढीग दिसत नव्हता, कारण दर आठवड्याला थोडंच कापलं जायचं. फिरायला निघालेले लोक थांबून बघायचे.

"बाई, कापलं का नुसता हात फिरवला?"

"हात फिरवला. तुम्ही कटिंगला गेलात की डोक्यावर केस ठेवूनच येता ना परत?"

असं बोलणं सगळ्यांना रुचत नाही. कमिटीच्या सेक्रेटरींना तर मुळीच रुचलं नाही. हे गृहस्थ आयुष्यभर सरकारी खात्यांचे हिशेब तपासत होते. निवृत्त झाल्यावर तपासायला कॉलनी उरली होती. कॉलनीच्या फाटकावर वॉचमनच्या केबिनमध्ये एक नोंदवही असायची. बाहेरून कामाला येणाऱ्या प्रत्येकानं तारीख, वेळ आणि केलेलं काम लिहून सही करायची, खाली वॉचमनची सही. सेक्रेटरी दर महिन्याला ती वही लाल पेन घेऊन वाचायचे.

नळवाला लिहायचा, 'नळ.' रंगवाला लिहायचा, 'रंग.' टेलरबाई सतरा वर्षं दुकानातल्या चिठ्ठ्यांवर जसं लिहीत आल्या होत्या तसं सविस्तर लिहायच्या. 'कडा कापल्या. मधे दोन बोटं माया ठेवली.' पुढच्या शनिवारी, 'उत्तरेकडे माया जास्त ठेवली, तिथे सावली आहे.' त्याच्या पुढच्या शनिवारी, 'सेक्रेटरी साहेबांच्या दारासमोर माया ठेवली.'

ज्या माणसानं तीस वर्षं लोकांनी जमवलेली माया शोधून काढली, त्यानं ही तिन्ही वाक्यं वाचली. सावलीत ठेवलेली माया. स्वतःच्या दारासमोर ठेवलेली माया. खाली वॉचमनची सही.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. 'गवत कापणाऱ्या बाईने कॉलनीच्या आवारात माया ठेवल्याच्या लेखी नोंदी आढळल्या आहेत. खुलाशासाठी रविवारी सभा.'

वॉचमन धापा टाकत दुकानात आला. कपडे घालून बघायच्या खोल्यांमधून वाट काढत मागच्या खोलीच्या दाराशी पोचला.

"बाई, ते खोडा. पाया पडतो. साहेब मला विचारतायत, तुला किती मिळाले."

"काय खोडू?"

"माया."

बाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या इतक्या हसल्या की मशीनवरचा पाय सुटला. हसणं थांबल्यावर म्हणाल्या, "खोडणार नाही. खोडलं की खरंच काहीतरी होतं असं होईल. तुम्ही रविवारी माझ्या शेजारी बसा."

सभेला पंधरावीस माणसं होती. सेक्रेटरींनी तिन्ही नोंदी मोठ्यानं वाचल्या, तारखांसह. शेवटची वाचताना आवाज किंचित चढला. "माझ्या दारासमोर! याचा अर्थ काय?"

बाई उठल्या. "साहेब, तुम्ही ही जी करडी पँट घातलीय, ती आमच्या दुकानातली. दोन वर्षांपूर्वी घेतलीत."

"पँटचा इथे काय संबंध?"

"गेल्या वर्षी कमरेत होईना म्हणून आणून दिलीत. मी सैल करून दिली. कशी दिली असेल? मागच्या शिवणीत कापड जास्तीचं होतं म्हणून. त्याला आमच्यात माया म्हणतात. अजून एक बोट शिल्लक आहे, पुढच्या वर्षाची सोय आहे. हवं तर आत जाऊन उलटून बघा."

मागच्या रांगेत कोणीतरी फुसकन हसलं, आणि मग सगळ्यांनाच आवरेना. वॉचमनही हसला, आणि लगेच गंभीर झाला. "तशीच मी गवतात ठेवते," बाई म्हणाल्या. "दोन बोटं. लपवून नाही. वहीत लिहून."

गैरसमज तिथे संपला. प्रकरण संपलं नाही. चारचौघांत पँट उसवली गेलेला माणूस लगेच खाली बसत नाही.

"ठीक आहे," सेक्रेटरी म्हणाले. "शब्द तुमचा, चूक माझी. पण काम कमिटीचं आहे. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी कॉलनीला पंचवीस वर्षं होतायत. मैदानावर खुर्च्या मांडायच्यात. या शनिवारी तुमचे तीन महिने संपतात. त्या दिवशी गवत मुळापासून काढा, एकदम साफ. वर्षाचं पत्र सोमवारी तुमच्या हातात."

टेबलावर ते पत्र टाइप केलेलं होतं. फक्त सही राहिली होती.

"खुर्च्या दोन बोटांवरही बसतात," बाई म्हणाल्या.

"मला गवत दिसायला नको."

"मग तुम्हाला फरशी हवीय. फरशीवाला बोलवा. मी शनिवारी येईन, दोन बोटांवर कापीन."

घरी त्या रविवारी नणंद मुक्कामाला होती, त्यामुळे बोलणी दोन्ही बाजूंनी बसली.

"एकदाच तर कापायचं," नवरा म्हणाला. "वर्षाचं काम आहे. गवतच आहे, येईल परत."

"या उन्हात नाही येणार. आणि वर्षभर त्या करपलेल्या मैदानावर मीच फिरणार. लोक म्हणणार, टेलरबाईंनी केलं."

"एकदा ऐकलंस तर काय बिघडतं?"

"तुम्ही एकदा मुलांना घेऊन ब्रेकशिवाय व्हॅन काढा. एकदाच."

नवरा व्हॅनची किल्ली खुंटीला लावायला उठला. नणंद उठली नाही. "एवढा तोरा कशाच्या जोरावर, वहिनी? ते पत्र टेबलावर होतं म्हणे."

"टेबलावर होतं म्हणूनच. खिशात असतं तर सोडणं जड गेलं असतं." मग त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाईंचं अंगण मी न कळता जाळलं. हे कळून जाळू?"

शनिवारी सहाला फाटक बंद होतं. वॉचमननं गजांमधून एक कागद दाखवला. बाईंनी कमिटीची अट मान्य केल्याशिवाय त्यांचं यंत्र आत सोडू नये, खाली सेक्रेटरींची सही.

"माझा नाइलाज आहे, बाई."

बाईंनी कागद दोनदा वाचला. "यात यंत्राबद्दल लिहिलंय. माझ्याबद्दल काय लिहिलंय?"

वॉचमननंही वाचलं. "तुमच्याबद्दल काही नाही."

"मग फाटक उघडा."

यंत्र त्यांनी फाटकाबाहेर भिंतीला टेकवून ठेवलं. पिशवीतून कडा कापायची मोठी कातर काढली, गुडघ्यांखाली घ्यायला जुनी उशी काढली, आणि एक नंबरच्या बंगल्यासमोर मैदानाच्या कोपऱ्यात बसल्या. डाव्या हाताची दोन बोटं जमिनीवर आडवी ठेवायची, त्यांच्यावरून कातर चालवायची, हात पुढे सरकवायचा.

हातानं मैदान कापून होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. फिरायला निघालेल्या लोकांनाही ठाऊक होतं. पहिल्या फेरीला त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या फेरीला बोलणं थांबलं. तिसऱ्या फेरीला दोघं जण कडेनं चालायला लागले, कापलेल्या भागावर पाय पडू नये म्हणून.

सातच्या सुमारास सेक्रेटरी चपला घालून बाहेर आले.

"हे काय चाललंय?"

"काम. आजचा दिवस माझ्या तीन महिन्यांतला आहे."

"हा तमाशा आहे."

"यंत्र आत असतं तर साडेसातला संपला असता."

"माझी अट माहीत आहे ना तुम्हाला?"

"माझी उंची तुम्हाला माहीत आहे." त्यांनी मान वर केली नाही. "साहेब, पाय जरा मागे घ्या. माझ्या ओळीत आहेत."

सेक्रेटरींनी पाय मागे घेतले. मग ते घरात गेले. पडदा मात्र हलत राहिला.

अकरा वाजता बाई उठल्या. पाठ सरळ व्हायला त्यांना खांबाचा आधार लागला. एक ते नऊ नंबरच्या बंगल्यांसमोरची पट्टी झाली होती, मैदानाचा जेमतेम तिसरा हिस्सा. वहीत त्यांनी लिहिलं, 'तिसरा हिस्सा झाला. माया ठेवली. बाकीचं यंत्र आत न सोडल्यामुळे राहिलं.' सही केली. बारा वाजता त्या दुकानात मशीनवर होत्या. त्या दिवशी त्यांच्या हातून सुईत दोरा जाईना. शेजारच्या काउंटरवरच्या मुलीनं ओवून दिला.

वर्षाचं पत्र गेलं. सोमवारी जुना ठेकेदार पेट्रोलचं यंत्र घेऊन हजर झाला. दहा नंबरपासून सुरुवात करून त्यानं मैदान मातीपर्यंत खरवडत आणलं. धुळीनं पलीकडचे बंगले दिसेनासे झाले. नऊ नंबरशी पोचला तेव्हा पुढे एक खुर्ची होती. खुर्चीवर सात नंबरच्या मास्तरीणबाई पेपर वाचत बसल्या होत्या.

"आजी, उठा. इथलं कापायचंय."

"कापलेलं आहे."

"हे कापलेलं? हे तर तसंच आहे."

"तुला कळत नाही म्हणून तसंच दिसतंय. पुढे जा."

ठेकेदारानं इंजिन बंद केलं आणि सेक्रेटरींना बोलावलं. तोवर पाच नंबरच्या सूनबाईंनी आपलीही खुर्ची आणली होती. तीन नंबरच्या आजोबांनी खुर्ची आणली नाही, कारण त्यांच्याकडून ती उचलली जात नव्हती. ते नुसतेच येऊन उभे राहिले. सेक्रेटरींनी तिघांकडे पाहिलं आणि ठेकेदाराला सांगितलं की इथवर पुरे.

पुढच्या रविवारी समारंभ झाला. पलीकडच्या दोन हिश्श्यांत खुर्च्या मांडल्या होत्या. लोकांनी भाषणं सुरू होण्याआधी त्या उचलून अलीकडच्या हिश्श्यात आणल्या, कारण तिकडे कपड्यांना माती लागत होती. टेलरबाई तिथे नव्हत्या. त्यांना बोलावलंच नव्हतं.

बुधवारी त्यांना दुकानाच्या पत्त्यावर एक पत्र आलं. मैदानाचा एक ते नऊ नंबरसमोरचा भाग पुढील सूचना मिळेपर्यंत गवत कापणाऱ्या बाईंकडे राहील. उर्वरित भागाशी त्यांचा संबंध नाही. सकाळी सातच्या आत आवाज करू नये. मान्य असल्यास सही करून परत द्यावे.

नणंदेनं ते वाचलं. "तिसरा हिस्सा. एवढ्यासाठी एवढं?"

"एवढ्यासाठी नाही. हे नंतर आलं."

"मग हा धंदा धरायचा का छंद?"

"धंदा. अजून सहा अंगणं मिळाली की मैदान भरून निघतं. दोन जणांनी रविवारपासून विचारलंय. चार शोधायचीत."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर त्यातलं एक नणंदेचं. तुमच्या मागच्या अंगणात गुडघाभर वाढलंय. फुकट करणार नाही."

शनिवारी सहाला दहा मिनिटं असताना व्हॅन फाटकापाशी थांबली. नवऱ्यानं यंत्र उतरवलं. केबिनच्या खिडकीवर पत्र ठेवून बाईंनी 'गवत कापणाऱ्या बाई' या शब्दांवर एक सरळ रेघ मारली, वर 'कंत्राटदार' असं लिहिलं, आणि खाली सही केली.

वॉचमननं ते पाहिलं. "साहेब चिडतील."

"सातनंतर चिडायला सांगा," बाई म्हणाल्या. "त्याआधी आवाज करायचा नाही असं ठरलंय."

आणि त्यांनी यंत्र आत ढकललं.